कळप राखणारा कुत्रा आणि आपले घर



आपल्या कुटुंबांतून अलीकडे एक नवा विषय बोलला जाऊ लागला आहे. मागच्या पिढीत दारी येणाऱ्या कुत्र्याला पोळी घालणे, पक्ष्यांसाठी दाणापाणी ठेवणे आणि पांजरपोळास यथाशक्ती देणगी देणे एवढ्यात घरची जीवदया सामावलेली असे. आता नातवंडे म्हणतात, घरातच कुत्रा पाळू या. आणि त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहून पसंत केलेला कुत्रा बहुधा एकाच प्रकारचा असतो: काळापांढरा, झुपकेदार शेपटीचा, डोळ्यांत विलक्षण चमक असलेला, एका शब्दासरशी शेकडो मेंढ्यांचा कळप वळवणारा बॉर्डर कॉली. कोणाला त्याचा ऑस्ट्रेलियन शेफर्ड हा दूरचा भाऊबंद हवा असतो, कोणाला शेटलंड शीपडॉग, तर कोणाला जर्मन शेफर्ड. हे सगळे मूळचे कळप राखणारे, म्हणजे दिवसभर काम करणारे कुत्रे आहेत.

माझे मत प्रारंभीच नोंदवतो. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि सकाळी दहा ते रात्री नऊ दुकान सांभाळणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांसाठी हा कुत्रा योग्य नाही. थोड्या कुटुंबांसाठी तो अत्यंत योग्य आहे. आपण यांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे पिल्लू घरी येण्यापूर्वी ठरवता येते. ते आल्यानंतर ठरवले तर त्याची किंमत त्या मुक्या जीवाला मोजावी लागते. बँकेत कर्जप्रस्ताव तपासताना अर्जदाराची इच्छा किती उत्कट आहे हे आम्ही पाहत नसू. परतफेडीची ताकद किती आहे हे पाहत असू. येथेही तोच निकष लावावा लागेल.

प्रथम हा कुत्रा घडला कसा ते पाहू. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात मेंढपालन हाच मुख्य व्यवसाय होता. विस्तीर्ण, उघड्या टेकड्यांवर विखुरलेल्या मेंढ्या गोळा करून खाली आणणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. त्यासाठी तेथील मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कुत्रे घडवले. नॉर्थंबरलंडमधील ॲडम टेल्फर या मेंढपाळाकडे 1893 साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जातो. वेल्समधील बाला येथे 1873 साली मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा भरली होती, आणि 1906 साली या कुत्र्यांची नोंद ठेवणारी इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. या साऱ्या इतिहासात निवडीचा निकष एकच होता, तो म्हणजे काम. अमेरिकन केनेल क्लबने 1995 साली या जातीला प्रदर्शनासाठी मान्यता दिली, तेव्हा कामाचे कुत्रे बाळगणाऱ्या अनेकांनी तिला विरोध केला. रूपाकडे पाहून निवड होऊ लागली तर कामाचा गुण लोप पावेल, ही त्यांची भीती होती.

या कामाचे स्वरूप समजून घेणे आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. लांडगा शिकार करतो तेव्हा तो सावज हेरतो, त्यावर नजर रोखतो, दबकत जातो, पाठलाग करतो आणि शेवटी पकडून मारतो. मेंढपाळांनी निवड करताना या साखळीतील आरंभीच्या कड्या ठळक केल्या आणि शेवटच्या दडपल्या. बॉर्डर कॉली जमिनीशी वाकून, नजर रोखून मेंढीकडे सरकतो, वळसा घालून तिला अडवतो, पण तिला मारीत नाही. कामाची ही ओढ त्याच्या रक्तातच आहे. घरात मेंढ्या नसल्या म्हणून ती नाहीशी होत नाही. मग ती धावणाऱ्या मुलांकडे वळते, सोसायटीतील स्कूटरींकडे वळते, भिंतीवरच्या सावल्यांकडे वळते.

आपल्याकडील धनगर बांधवांबरोबर फिरणारा कुत्रा याहून वेगळा असतो, हेही सांगितले पाहिजे. दख्खनच्या पठारावर मेंढ्या हाकण्याचे काम मुख्यतः माणसेच करतात. कुत्रा रात्री वाड्याभोवती राहून लांडग्यापासून कळपाचे रक्षण करतो. दिवसा तो कळपासोबत चालतो, सावलीत बसतो. ‘आमच्या गावी धनगराचा कुत्रा किती शांत पडून असायचा,’ या आठवणीवरून बॉर्डर कॉलीचा अंदाज बांधणे म्हणजे किराणा दुकानाच्या ताळेबंदावरून सूतगिरणीला कर्ज देण्यासारखे होईल.

त्याच्या बुद्धीविषयी बरेच बोलले जाते आणि ते खरेही आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला 1022 वस्तूंची नावे शिकवली. त्यांचा शोधनिबंध 2011 साली प्रसिद्ध झाला. हे वाचून पालकांना वाटते की, इतका हुशार कुत्रा सांभाळायला सोपा असेल. वस्तुतः उलट घडते. चेसरला ही नावे शिकवण्यासाठी पिली यांनी सुमारे तीन वर्षे रोज कित्येक तास दिले होते. ज्या बुद्धीला काम मिळत नाही, ती स्वतः काम शोधते, आणि ते काम आपल्याला आवडेलच असे नाही.

माझ्या परिचयातील एका कापड व्यापारी कुटुंबाचे उदाहरण देतो. कुटुंब नऊ जणांचे, चौथ्या मजल्यावर प्रशस्त फ्लॅट, घरात तीन लहान मुले, पैशाची अडचण नाही. दोन महिन्यांचे पिल्लू आले आणि पहिले काही महिने कौतुकात गेले. पिल्लू मोठे होऊ लागले तसा त्याचा स्वभाव दिसू लागला. मुले दिवाणखान्यात धावली की तो वळसा घालून त्यांना कोपऱ्यात गोळा करी. एका वाढदिवसाला पाहुण्यांच्या मुलाच्या टाचेला त्याने दात लावले. जखम झाली नाही, पण घरात भीती शिरली. घरातील पुरुष मंडळी दुकानात, स्त्रिया स्वयंपाकघर, मुलांचा अभ्यास आणि मंदिर यांत गुंतलेल्या. फिरवण्यासाठी ठेवलेला मुलगा वीस मिनिटांत परत येई. शेवटी कुत्रा बाल्कनीत बांधला गेला. तेथे तो रस्त्यावरच्या गाड्यांच्या उजेडाचे कवडसे भिंतीवर सरकले की त्यांच्यामागे झेपावे, रात्री-अपरात्री भुंके. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. दीड वर्षाने तो शेतावर राहणाऱ्या एका स्नेह्याकडे पाठवण्यात आला. मुले कित्येक दिवस नीट जेवली नाहीत. कुत्रा वाईट नव्हता आणि कुटुंबही निर्दय नव्हते. परस्परांना अनुरूप नसलेले दोन पक्ष एकत्र आणले गेले होते, एवढेच.

या घटनेकडे आपण श्रावकाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आश्रित प्राण्याला बांधून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि खाणेपिणे अडवणे, असा त्यांचा सरळ अर्थ आहे. प्रवचनात आपण हे ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे बैल, घोडे आणि गाडीवान येतात, आणि ही बाब आपल्याला लागू नाही असे वाटते. फ्लॅटच्या बाल्कनीत दिवसभर साखळीला असलेला कुत्रा हा बंधच आहे, मग ती साखळी कितीही महागडी असो. कुत्रा हा संज्ञी पंचेंद्रिय जीव आहे. त्याला मन आहे, सुखदुःख आहे, वाट पाहणे आहे. वादीभसिंह सूरींच्या ‘क्षत्रचूडामणी’त जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवल्याची आणि तो जीव यक्ष झाल्याची कथा आहे. ज्या परंपरेने कुत्र्याच्या जीवाला एवढी योग्यता दिली, त्या परंपरेतील घरात त्याला खेळण्याचे स्थान मिळणे शोभत नाही.

देशाचा कायदाही या बाबतीत आश्चर्य वाटावे इतका आपल्या अतिचारांजवळ येतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 मध्ये मारहाण, अतिभार, उपाशी ठेवणे आणि सोडून देणे हे गुन्हे आहेतच. त्याशिवाय नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हाही मालकाचा स्वतंत्र गुन्हा मानला आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड दहा ते पन्नास रुपयांचा, म्हणजे आजच्या काळात नाममात्र. परंतु श्रावकाचा हिशेब दंडाच्या रकमेवर ठरत नाही.

आता मूळ निर्णयाकडे येऊ. कुटुंबाने एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून, कागद-पेन घेऊन, पुढील प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे लिहावीत असे मी सुचवतो.

पहिला प्रश्न वेळेचा. प्रौढ बॉर्डर कॉलीला रोज सुमारे दोन तासांचा भरपूर व्यायाम लागतो, आणि त्याखेरीज डोक्याला काम देणारे शिक्षण किंवा खेळ लागतात. त्याचे आयुष्य साधारण बारा ते पंधरा वर्षांचे. चौदा वर्षे धरली आणि रोजचे केवळ दोन तास मोजले, तरी 10,220 तास होतात. हे तास कोण देणार, त्याचे नाव कागदावर लिहावे. ‘सगळे मिळून देऊ’ हे उत्तर मान्य करू नये. ज्या कर्जाला सगळेच जामीन असतात, त्याला प्रत्यक्षात कोणीच जामीन नसतो. दहावीतल्या मुलाचे नाव लिहिले असेल तर तीन वर्षांनी तो शिक्षणासाठी परगावी जाईल, हे ध्यानात घ्यावे. दिवाळी, लग्नसराई, आर्थिक वर्षअखेर या काळात दुकानाचा भार दुप्पट होतो. कुत्र्याची गरज मात्र तेवढीच राहते.

दुसरा प्रश्न जागेचा आणि हवामानाचा. मोठे घर असले म्हणजे भागले असे नाही. अंगण असूनही कुत्र्याला एकटे सोडले तर तो कोपऱ्यात बसून राहतो किंवा फाटकापाशी भुंकत राहतो. त्याला माणसाबरोबरचे काम हवे असते. दुसरे असे की, हा थंड प्रदेशातला दुहेरी केसांचा प्राणी आहे. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत आणि विदर्भ, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला दुपारी धावायला लावणे प्राणावर बेतू शकते. म्हणजे व्यायाम सूर्योदयाच्या सुमारास आणि उन्हे उतरल्यावरच द्यावा लागणार. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी; आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. थंडावा मिळावा म्हणून त्याचे केस भादरू नयेत. तो केशसंभार उन्हापासूनही रक्षण करतो. गोचिडांमुळे होणारे ताप आपल्याकडे सर्रास आढळतात, त्यामुळे दाट केसांची रोजची तपासणी अपरिहार्य ठरते.

तिसरा प्रश्न घरातील माणसांचा. घरात रांगणारे बाळ आहे का? काठी घेऊन चालणारे आजोबा आहेत का? पंधरा-वीस किलोचा वेगवान प्राणी पायात आला तर वृद्धांच्या मांडीचे हाड मोडू शकते. धावत्या मुलांच्या टाचांना दात लावण्याची सवय शिक्षणाने आवरता येते, पण त्यासाठी सातत्य लागते. आपल्या घरांचा आणखी एक विचार आहे. आपल्याकडे साधू-साध्वी गोचरीसाठी येतात. दिगंबर घरांत मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लागतो. पायी विहार करणाऱ्या त्यागीजनांसमोर कुत्रा धावून जाणे किंवा सोवळ्याच्या जागी त्याचा वावर असणे घरातील ज्येष्ठांना मानवणार नाही. त्यासाठी स्वतंत्र खोली, दार आणि शिस्त यांची व्यवस्था आधी झाली पाहिजे. घरातील एकाही ज्येष्ठ व्यक्तीचा मनापासून विरोध असेल, तर त्या विरोधाची झळ पुढे रोज कुत्र्यालाच लागते.

चौथा प्रश्न आहाराचा, आणि आपल्या समाजासाठी तो सर्वांत कठीण आहे. कुत्रा मांजराप्रमाणे केवळ मांसावरच जगणारा प्राणी नाही. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहिल्याने पिष्टमय पदार्थ पचवण्याची त्याची शक्ती लांडग्यापेक्षा वाढली आहे. 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हे दाखवून दिले. त्यामुळे पोषणदृष्ट्या परिपूर्ण अशा शाकाहारावर प्रौढ कुत्रा राहू शकतो. यातील ‘परिपूर्ण’ हा शब्द मात्र अत्यंत महत्त्वाचा आहे. दूध-पोळी, वरण-भात किंवा उरलेली खिचडी हा परिपूर्ण आहार नव्हे. प्रथिने, मेथिओनीनसारखी अमिनो आम्ले, बी-12 आणि ड जीवनसत्त्वे, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण मोजूनमापून साधावे लागते. उन्हात बसून आपल्याप्रमाणे ड जीवनसत्त्व पुरेसे तयार करणे कुत्र्याला जमत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. वाढत्या पिल्लाच्या बाबतीत चूक झाली तर हाडांवर कायमचा परिणाम होतो, आणि दिवसाला दोन तास धावणाऱ्या कुत्र्याची गरज बसून राहणाऱ्या कुत्र्यापेक्षा अधिक असते.

म्हणून घरी शाकाहारच द्यायचा असा आपला निश्चय असेल, तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली संतुलित तयार शाकाहारी खाद्य, ठरावीक काळाने रक्ततपासणी आणि वजनाची नोंद यांची तयारी हवी. त्याहीपुढचा प्रश्न कुटुंबाने आधीच सोडवला पाहिजे. उद्या वैद्याने सांगितले की या कुत्र्याला हा आहार मानवत नाही, तर आपण काय करणार? आपल्या व्रतासाठी त्याला अर्धपोषित ठेवणे हा अन्नपाननिरोधच ठरेल. आणि घरात मांसयुक्त खाद्य आणणे आपल्या अंतःकरणाला मान्य होणार नाही. ज्या घराला या पेचाचे समाधानकारक उत्तर देता येत नाही, त्या घराने कुत्रा न आणणे हाच दोन्ही बाजूंनी निर्दोष मार्ग आहे. असा निर्णय घेणाऱ्याला कोणी निष्ठुर म्हणू नये.

काही गोष्टी आपल्या घरांना अनुकूलही आहेत. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या स्वयंपाकघरात हा धोका मुळातच नसतो. मात्र द्राक्षे, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट त्याला घातक आहेत, आणि सुक्या मेव्याच्या वाट्या आपल्याकडे सहज उघड्यावर राहतात, हे विसरू नये. चौविहार पाळणाऱ्या घराला त्याचे सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी देता येईल. पाणी मात्र त्याच्यासाठी अहोरात्र भरलेले असावे. पर्युषणात किंवा दशलक्षणात आपला उपवास असला तरी त्याचा उपवास नसतो, हे मुलांनाही समजावून सांगावे.

पाचवा प्रश्न खर्चाचा आणि अनुपस्थितीचा. पिल्लाची किंमत हा खर्चाचा सर्वांत लहान भाग असतो. खाद्य, दरवर्षीचे लसीकरण, रेबीज प्रतिबंधक लस, महापालिकेचा परवाना, जंतनाशके, शिक्षकाचे मानधन, केसांची निगा आणि उतारवयातील औषधोपचार यांची तरतूद करावी लागते. या जातीत खुब्याच्या सांध्याचे विकार, डोळ्यांचे आनुवंशिक दोष आणि अपस्मार आढळतात. कॉली वर्गातील काही कुत्र्यांत एका जनुकाच्या दोषामुळे आयव्हरमेक्टिनसारखी औषधे मोठ्या मात्रेत विषारी ठरतात. त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलेले गोचिडांचे औषध परस्पर देणे टाळावे. शिखरजी, पालीताणा किंवा श्रवणबेळगोळला कुटुंब दहा दिवस निघाले तर कुत्रा कोणाकडे राहणार, तेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.

प्रश्नांची उत्तरे अनुकूल आली तरी लगेच पिल्लू आणू नये. एकवीस दिवसांचा एक सराव सुचवतो. ज्याचे नाव कागदावर लिहिले आहे, त्याने रोज पहाटे एक तास आणि सायंकाळी एक तास, पाऊस असो वा पाहुणे असोत, घराबाहेर पडून चालून यावे आणि वहीत वेळ नोंदवावी. दुकानातील गर्दीचा आठवडा मुद्दाम यात धरावा. एकवीसपैकी तीन दिवस जरी चुकले, तरी वर्षाला बावन्न दिवस चुकतील असा त्याचा अर्थ होतो. या वहीतून जे उत्तर मिळेल ते कोणत्याही जाणकाराच्या सल्ल्याइतकेच विश्वसनीय असेल. मुलांनीही या सरावात सहभागी व्हावे. इच्छा आणि जबाबदारी यांतील अंतर त्यांना पायांनी मोजता येईल.

सराव पुरा झाला आणि निर्णय होकारार्थी ठरला, तर पुढची पावले विचारपूर्वक टाकावीत. 2017 च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवू न शकणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. आईवडील कुत्र्यांच्या सांध्यांच्या आणि डोळ्यांच्या तपासणीचे कागद मागावेत. पिल्लाऐवजी, पहिल्या मालकाला सांभाळता न आलेला प्रौढ कुत्रा दत्तक घेणे अधिक पुण्याचे आहे, आणि त्याचा स्वभाव आधीच दिसत असल्याने जोखीमही कमी असते. शिक्षण बक्षिसाने द्यावे. गळा आवळणारे पट्टे आणि मार हे वध या अतिचारात येतात, शिवाय संवेदनशील कॉली माराने बिघडतो. शोभेसाठी कान-शेपूट कापणे हा सरळ छविच्छेद आहे. त्याला वस्तू शोधणे, नावाने खेळणी आणणे, अडथळे पार करणे, मोठा चेंडू ढकलत नेणे अशी कामे रोज द्यावीत. त्याने एकाच वेळी पहारेकरी, मुलांचा सांभाळकर्ता आणि पाहुण्यांचे मनोरंजन करणारा व्हावे ही अपेक्षाही एक प्रकारचे अतिभारारोपण आहे.

व्यापारी घरांना एक सूचना स्वतंत्रपणे द्यावीशी वाटते. उत्तम जातीची मादी घरी आली की कोणीतरी हिशेब मांडून दाखवतो: एका वेतात अमुक पिल्ले, प्रत्येकाची तमुक किंमत. या मोहात पडू नये. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांतील असतीपोषणाचे विवरण करताना हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात धनासाठी कुत्री-मांजरे पोसण्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. घरातील सदस्य म्हणून आणलेला जीव भांडवल होता कामा नये.

आणि निर्णय नकारार्थी ठरला तर? मुलांच्या मनातील प्राणिप्रेम त्यामुळे विझवण्याचे कारण नाही. शांत स्वभावाचा देशी कुत्रा आपल्या हवेला सरावलेला असतो. त्यालाही रोज फिरवावे लागते, परंतु त्याची गरज सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्यातील असते. तेवढेही शक्य नसेल तर गल्लीतील कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण करून घेणे, त्यांना ठरावीक जागी अन्नपाणी देणे, सुटीच्या दिवशी मुलांना पांजरपोळात सेवेसाठी नेणे हे मार्ग खुले आहेत. मुंबई पांजरपोळाचा इतिहास या संदर्भात मुलांना अवश्य सांगावा. 1832 साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मोठा दंगा झाला. त्यानंतर 1834 साली सर जमशेदजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन पांजरपोळ उभे केले. शत्रुंजयावरील मोतीशा टूक ज्यांच्या नावाची आहे, तेच हे मोतीशा शेठ. ज्या कुत्र्यांसाठी त्यांनी द्रव्य वेचले ती कोणत्याही नामवंत जातीची नव्हती. ती मुंबईच्या रस्त्यावरची बेवारस कुत्री होती.

पाळीव प्राण्याच्या बाबतीत करार एकतर्फी असतो. सही आपली असते आणि अटी त्याला सोसाव्या लागतात. त्याला घर बदलता येत नाही, तक्रार लिहिता येत नाही, वेळ मागून घेता येत नाही. ज्या घरात रोजचे दोन तास, एक जबाबदार माणूस, सर्वांची संमती आणि आहाराचे प्रामाणिक उत्तर या चार गोष्टी आहेत, त्या घराने कॉली आनंदाने आणावा. त्याच्याइतका निष्ठावान सोबती क्वचितच मिळेल. यांतील एकही गोष्ट कमी असेल, तर मुलांना जवळ बसवून नकाराचे कारण शांतपणे समजावून सांगावे. ज्या जीवावर आपण प्रेम करतो, त्याच्या हितासाठी आपली हौस बाजूला ठेवणे, हा संस्कार त्या संध्याकाळी त्यांना मिळेल. आणि तो दुकानात, संसारात आणि व्रतांतही त्यांच्या उपयोगी पडेल.